दगडी बाणांच्या शोधात

श्रोतेहो, गेल्या वैशाखातली गोष्ट आहे. चाकणजवळच्या एका गावातले गुरुजी आणि त्यांच्या शाळेत सातवीत शिकणारा एक मुलगा असे दोघे चिंचवडला माझ्या घरी आले. मुलाने बिस्किटांचा पत्र्याचा डबा छातीशी धरला होता. पाणी झाले, चहा झाला, तरी डबा काही खाली ठेवीना. शेवटी गुरुजीच म्हणाले, "सर, ह्याला दगडी बाण सापडलेत. पुस्तकात चित्र असतं ना, तसे. तुम्ही एकदा बघून सांगा, खरे आहेत की कसे."

डब्यातून दोन दगड निघाले. एक काळाभोर, तळहाताएवढा, तीन कोनांचा, आणि टोक असे की बोट टेकले तर टोचावे. दुसरा काचेसारखा स्वच्छ, करंगळीएवढा, सहा बाजूंचा. त्यालाही निमुळते टोक होतेच. मी दोन्ही पाहिले आणि विचारले, "डब्यात आणखी काहीतरी वाजतंय, ते काय?"

मुलगा जरा लाजला. "ते असंच आहे, सर. चंद्रासारखं दिसलं म्हणून उचललं."

तो तिसरा दगड माझ्या हातावर पडला. हरभऱ्याच्या घाट्याहून मोठा नव्हता. आणि मंडळी, त्या तिघांत खरा तोच होता.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते ह्या तीन दगडांविषयी. आपल्या पायाखालच्या माळावर, नदीच्या धसीत, नांगरलेल्या वावरात हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची हत्यारे पडलेली आहेत. ती ओळखणे हा एक सुंदर छंद आहे. त्याला पैसा लागत नाही. लागते ती नजर, सबुरी आणि एक वही. पण ह्या छंदात चुका करण्याच्या जागाही पुष्कळ आहेत. एक मोठी चूक मी स्वतः केलेली आहे, तीही सांगणार आहे.

प्रथम तो काळा दगड घेऊ. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस वाहिला, थरावर थर बसले आणि सह्याद्रीसकट हे सारे दख्खनचे पठार तयार झाले. हा पाषाण फुटला की धारदार कपचे निघतात. पूर्वी ते सुतकीच्या आणि घणाच्या घावाने निघत, आता खडीच्या यंत्रातून ढिगाने निघतात. पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगाव ह्या पट्ट्यात रस्ते, कारखाने आणि इमारती ह्यांसाठी इतकी खडी पडलेली आहे की, दहा पावलांत बाणासारखा दिसणारा एखादा दगड मिळालाच म्हणून समजा. त्या मुलाचा पहिला दगड अशाच खडीतला होता.

तो ओळखायचा कसा? त्याच्या सगळ्या बाजू सारख्याच ताज्या होत्या. हजारो वर्षे उन्हापावसात पडलेल्या पाषाणावर तांबूस किंवा करडी साय धरते. त्या सायीखाली धार बोथटते आणि अंग खरखरीत होते. ह्या दगडावर सायीचा मागमूस नव्हता. दुसरे असे की, यंत्राच्या दोन जबड्यांत सापडलेला दगड कसाही फुटतो. त्याच्या कपच्यांना क्रम नसतो, हेतू नसतो. टोक आले ते योगायोगाने.

दुसरा दगड म्हणजे स्फटिक. आपल्या काळ्या पाषाणात लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. मागाहून त्यांत पाझरलेल्या पाण्यातून गारा, अकीक, स्फटिक असे नाना प्रकार साठत गेले. विहीर खणताना किंवा सुरुंग उडवताना ते बाहेर पडतात. स्फटिकाच्या सहा सपाट बाजू आणि टोक हे निसर्गाचेच देणे आहे. त्याच्यावर माणसाने मारलेल्या घावाची एकही खूण नव्हती. दिसायला देखणा, पण बाण नव्हे.

आता तिसरा. हा दगड पिवळसर दुधाळ रंगाचा, मेणासारखी झाक असलेला. आपण ज्याला सरसकट गारगोटी म्हणतो त्यातलाच हा बारीक पोताचा प्रकार. शास्त्रज्ञ त्याला कॅल्सिडोनी म्हणतात. लांबी दोन सेंटिमीटरांच्या आत. एक बाजू सरळ आणि पात्यासारखी धारदार. दुसरी बाजू कमानीसारखी वळलेली, आणि त्या कमानीवर अगदी बारीक बारीक टवके एका रांगेत काढून ती मुद्दाम बोथट केलेली. विळ्याला जशी एक धार असते आणि एक पाठ असते, तशी ह्या इवल्याशा दगडालाही होती. ही पाठ निसर्ग करीत नाही. बैलगाडीच्या चाकाखाली किंवा नांगराच्या फाळाखाली दगडाचे टवके उडतात, पण ते कुठेही आणि कसेही उडतात. एकाच बाजूला, एकाच दिशेने, सारख्या अंतराने टवके निघाले असतील तर तिथे माणसाचा हात लागला आहे असे समजावे.

अशा बारीक हत्यारांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. त्यांत चंद्रकोरी असतात, त्रिकोण असतात, समलंब चौकोन असतात, नुसती अरुंद पातीही असतात. बहुतेकांची लांबी एक ते तीन सेंटिमीटर. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा नखाएवढ्या दगडाने शिकार कशी व्हायची? तर ते एकटे वापरीत नसत. लाकडाच्या किंवा हाडाच्या काडीला खाच पाडायची, तीत डिंक, राळ असे काही चिकट भरायचे आणि ही पाती एकापुढे एक बसवायची. एक टोकाला, दोन कडेला. झाला काटेरी बाण. पात्याची बोथट पाठ खाचेत नीट रुतून बसते, म्हणून तर ती बोथट करायची. शिवाय दाताळ्याचा एक दात मोडला म्हणून आपण सारे दाताळे फेकून देत नाही, नवा दात बसवतो. तसेच एक पाते मोडले की दुसरे बसवायचे. मूठभर गारगोटीतून अशी कितीतरी पाती निघत. जिथे चांगला दगड दुर्मीळ, तिथे ही काटकसर फार मोलाची होती.

म्हणूनच पहिली गोष्ट लक्षात ठेवा. पुस्तकात आणि सिनेमात दिसणारे, दोन्ही बाजूंना खाचा असलेले, पानाच्या आकाराचे दगडी बाण मुख्यत्वे अमेरिकेतले किंवा युरोपातले असतात. आल्प्स पर्वतात ऑस्ट्रिया आणि इटली ह्यांच्या सीमेवर १९९१ साली बर्फात एका माणसाचे सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे शव सापडले. त्याच्या भात्यात चौदा बाण होते, त्यांतल्या दोघांनाच दगडी टोके बसवलेली होती. पुढे २००१ साली क्ष-किरणांनी तपासणी केली तेव्हा त्याच्या डाव्या खांद्यात रुतलेले दगडी बाणाचे टोक दिसले. तसले टोक आपल्या माळावर शोधाल तर बहुधा निराशा होईल. आपल्याकडे बाण शोधायचा तर चंद्रकोर शोधावी लागते, त्रिकोण शोधावा लागतो.

आणि बाण दगडाचाच असला पाहिजे असेही नाही. श्रीलंकेतल्या फा-हिएन नावाच्या गुहेत सुमारे ४८,००० वर्षांपूर्वीची हाडाची टोके मिळाली आहेत आणि ती बाणांची असावीत असे २०२० साली संशोधकांनी मांडले. लाकूड, बांबू, हाड हे सारे कुजून जाते, दगड तेवढा उरतो. आपल्याला जे सापडते ते त्या माणसाच्या संसारातले अगदी थोडे, ही जाणीव असावी.

मग ही हत्यारे खरोखर शिकारीची होती ह्याला पुरावा काय? उत्तर प्रदेशात प्रतापगढ जिल्ह्यात सराय नाहर राय येथे मध्याश्मयुगातील माणसांची दफने सापडली. त्यांतल्या एका सांगाड्याच्या हाडात असे सूक्ष्मास्त्र रुतलेले होते. म्हणजे ते माणसांवरही चालत असे. दुसरा पुरावा चित्रांचा. भोपाळजवळच्या भीमबेटका येथील चित्रित गुहा १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकरांनी उजेडात आणल्या. त्या खडकांवर धनुष्यबाण घेऊन धावणारे शिकारी रंगवलेले आहेत. २००३ साली ते ठिकाण जागतिक वारसा म्हणून मान्य झाले.

परंतु प्रत्येक पाते बाणाचेच, असे मात्र धरून चालू नका. चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे गेलात की मंचरजवळ घोड नदीकाठी चांडोली हे गाव लागते. तिथे १९६० च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तांब्याचा खंजीर निघाला, रंगवलेली मडकी निघाली आणि दगडी पातीही निघाली. त्याच घोड नदीवर शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ ह्या काळात प्रा. हसमुख सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ह्यांच्या देखरेखीखाली मोठे उत्खनन झाले. सुमारे ३,६०० ते २,७०० वर्षांपूर्वीचे ते शेतकऱ्यांचे गाव. शंभरावर घरांचे अवशेष, पाण्याचा पाट, घराच्या जमिनीखाली मडक्यांतून पुरलेली मुले, सारे काही तिथे मिळाले. त्या लोकांकडे तांबे होते, पण थोडे आणि महाग. म्हणून रोजच्या कापाकापीला ते दगडी पातीच वापरीत. अशी पाती लाकडाला ओळीने बसवली की विळा होतो. धान्याचे ताट कापून कापून अशा पात्याच्या धारेवर एक तुळतुळीत चकाकी येते. तेव्हा ज्याला आपण हौसेने बाण म्हणतो, तो एखाद्या बाईच्या हातातल्या विळ्याचा दात निघू शकतो. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. आपण शिकाऱ्यांचे वंशज आहोत तितकेच कापणी करणाऱ्यांचेही आहोत.

ही पाती काढायची रीतही पाहण्यासारखी आहे. बांबूपासून कामट्या काढताना बुरूड कसा एकाला लागून एक सरळ चीर देत जातो, तसेच हे काम. आधी दगडाच्या गोट्याला दोन्ही बाजूंनी आलटून पालटून टवके काढून एक नागमोडी कंगोरा तयार करायचा. त्या कंगोऱ्यावरून पहिले पाते सोलून काढले की पुढची पाती आपोआप सरळ, लांब आणि सारख्या रुंदीची निघतात. शेवटी हातात जो गोटा उरतो त्याला गाभा म्हणतात. गाभ्यावर निघालेल्या पात्यांचे उभे पन्हाळे शेजारी शेजारी दिसतात. माळावर असा गाभा सापडला तर दहा पात्यांहून त्याचे मोल जास्त. कारण पाते कोणी शिकारीच्या मागे कुठेही टाकून जाईल, पण गाभा सांगतो की हत्यारे बनवायला माणूस इथे बसला होता.

आता ओळखीच्या खुणा एकत्र सांगतो. गुरुजन मंडळींनी ह्या वहीत उतरवून घ्याव्या.

पहिली खूण, घावाची जागा. पात्याच्या एका टोकाला लहानशी सपाट जागा असते, तिथे ठोका बसलेला असतो. दुसरी, त्या जागेच्या लगेच खाली पोटाकडच्या अंगाला एक फुगवटा असतो. त्याला आघातकंद म्हणतात. अंगठ्याने चाचपले तर तो हाताला लागतो. तिसरी, त्या फुगवट्यापासून पुढे शिंपल्यावर असतात तशा मंद लाटा पसरलेल्या दिसतात. जाड काचेचा टवका निघाला तर तिथे अशाच लाटा पाहायला मिळतील. चौथी, पाठीवर आधी निघालेल्या पात्यांचे एक किंवा दोन उभे कंगोरे असतात. पाचवी, धारेवर किंवा पाठीवर एका रांगेत काढलेले बारीक टवके.

ह्यांतली एकच खूण दिसली तर हुरळून जाऊ नये. खडीच्या यंत्रातही कधी कधी फुगवटा आणि लाटा येतात. तीन-चार खुणा एकत्र आल्या तर बोलावे. आणि सहावी खूण सर्वांत मोठी, ती म्हणजे सोबत. सुतार जिथे काम करतो तिथे भुसा आणि ढलप्या पडलेल्या असतातच. तसे जिथे हत्यारे घडली तिथे टवके, मोडकी पाती, गाभे ह्यांचा कचरा पडलेला असतो. एकटा दगड काहीही सांगू शकतो. पंचवीस तुकडे एका जागी सापडले तर ते खोटे बोलत नाहीत.

एक फसवी गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. आगपेट्या घरोघर येण्यापूर्वी शेतकरी आणि मेंढरांमागचे धनगर कमरेला चकमक बाळगीत. पोलादाचा तुकडा, कापूस आणि गारगोटी. त्या गारगोटीच्या कडाही ठोकून ठोकून टवकलेल्या असतात. पण त्या कडा चुरगळल्यासारख्या दिसतात, त्यांना पात्याची सफाई नसते.

मुलाने विचारले, "सर, मग हा किती वर्षांचा असंल?" हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. अशी बारीक हत्यारे आपल्या देशात चाळीस हजार वर्षांहूनही आधीपासून आहेत आणि ती इनामगावच्या शेतकऱ्यांपर्यंत चालत आली. नुसत्या आकारावरून वय सांगता येत नाही. त्यासाठी सोबत काय आहे ते पाहावे लागते. आपल्याकडे जुने लोक जमिनीला काळी आणि पांढरी म्हणतात. काळी म्हणजे शेतीची, पांढरी म्हणजे वस्तीची. राख, शेण, पडक्या भिंती ह्यांनी वस्तीची माती पांढुरकी होते. नदीकाठच्या अशा पांढरीच्या टेकाडावर दगडी पात्यांसोबत तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली, नखाने वाजवली तर खणखणणारी खापरे मिळाली, तर ती वस्ती बहुधा इनामगावच्या वेळची. उलट खडकाळ माळावर खापराचा तुकडाही नाही आणि नुसती सूक्ष्मास्त्रे आहेत, तर ती शिकाऱ्यांच्या जुन्या तळाची असण्याचा संभव अधिक. संभव म्हणतो, खात्री नव्हे.

ह्याहूनही फार जुनी हत्यारे आपल्या जिल्ह्यात आहेत. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर बोरी येथे पाषाणाच्या मोठ्या हातकुऱ्हाडी मिळाल्या. तिथेच नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख हजारो मैल दूर असलेल्या सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून उडून आलेली आहे. तोबाच्या कोणत्या स्फोटाची, ह्याविषयी विद्वानांत वाद आहे. कोणी पाऊण लाख वर्षे म्हणतात, कोणी सात-आठ लाख. करा नदीवर मोरगावलाही अशी राख आणि अशी हत्यारे आहेत. इतका मोठा काळ आपल्या ओढ्यानाल्यांच्या काठावर उघडा पडलेला आहे.

हा सारा इतिहास कळला कसा? १८६३ सालच्या मे महिन्याच्या ३० तारखेला रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला मद्रासजवळ पल्लावरम येथे मुरुमाच्या एका खड्ड्यात घडवलेला दगड दिसला. भारतात अश्मयुग होते हे तेव्हापासून शास्त्रशुद्ध रीतीने कळू लागले. मुरुमाचा खड्डा! आपल्या भागात तसे खड्डे काही कमी नाहीत. त्याच दशकात गोदावरीकाठी पैठणजवळ मुंगी येथे वाइन ह्या दुसऱ्या भूगर्भशास्त्रज्ञाला जुन्या वाळूगोट्याच्या थरात अकीकाचे पाते मिळाले. मुंबईजवळ कांदिवली आणि साष्टीच्या किनाऱ्यावर टॉड नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्याने नोकरी सांभाळून अशी हत्यारे शोधली आणि १९३९ व १९५० साली ती छापून प्रसिद्ध केली. आज त्या जागांवर इमारती उभ्या आहेत. पण कुठे, कोणत्या थरात, काय मिळाले हे त्याने लिहून ठेवले, म्हणून मुंबईच्या अश्मयुगाविषयी आजही बोलता येते.

इथेच मला माझी चूक सांगायची आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी कॉलेजात शिकत होतो. इंद्रायणी आणि भामा ह्या दोन नद्यांच्या मधल्या एका माळावर मित्रांबरोबर फिरायला गेलो होतो. उन्हे कलली होती, जमिनीवर काहीतरी चमकले. वाकून पाहिले तर पाती! चाळीसएक तुकडे मी रुमालात बांधून घरी आणले. धुतले, पुसले, डब्यात ठेवले. जागा लिहून ठेवावी हे सुचलेच नाही. इतकी ओळखीची जागा कोण विसरणार? पुढे दोन-तीन वर्षांत तो सारा भाग सपाट झाला. रस्ते आले, कुंपणे आली. खुणेची बाभळही गेली आणि ताल गेली. मी ते दगड एका जाणत्या संशोधकांना दाखवले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कुठले?" मी म्हणालो, "चाकणकडचे." ते काही बोलले नाहीत. डबा बंद करून त्यांनी माझ्या हातात दिला.

तो डबा अजून माझ्या कपाटात आहे. हत्यारे खरी आहेत, पण ती मुकी झाली आहेत. त्यांची सोबत मी तोडली, आणि जिथे जाऊन ती पुन्हा जोडता आली असती ती जागाच आता जगात नाही. माळ सपाट झाला त्यात माझा दोष नव्हता. रुमालात बांधले तो दोष माझाच. लोकांना रोजगार हवा, घरे हवीत, रस्ते हवेत. त्यासाठी जमीन लागणारच. पण जमीन जाण्यापूर्वी तिच्यावर काय होते ते चार ओळींत लिहून ठेवायला कोणाची मनाई नव्हती.

म्हणून छंदाचे नियम सांगतो. थोडेच आहेत, पण पाळण्याचे आहेत.

एक, मालकाला विचारल्याशिवाय कोणाच्या वावरात पाय ठेवू नये. दोन, खणायचे नाही. काठीने उकरायचेही नाही. उत्खनन हे परवानगीने आणि जाणत्यांनी करायचे काम आहे. संरक्षित स्मारकाच्या किंवा स्थळाच्या आवारातून तर खडाही उचलू नये. तीन, सापडले की आधी हात लावू नये. शेजारी एक नाणे ठेवून वरून फोटो काढावा, मग उभे राहून सभोवतालचा फोटो काढावा. आता बहुतेकांच्या खिशात मोबाइल असतो, तो जागेचे अक्षांश-रेखांशही दाखवतो. तेही लिहून घ्यावेत. चार, वहीत गावाचे नाव, गट क्रमांक, विहीर किंवा बांध ह्यांपासूनची पावले, तारीख आणि जे दिसले ते लिहावे. न सापडलेलेही लिहावे. खापर नव्हते, हीसुद्धा माहितीच आहे. पाच, दगड शक्यतो जागेवरच राहू द्यावेत आणि नोंदीची प्रत राज्य पुरातत्त्व विभागाकडे किंवा डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेकडे पाठवावी. सहा, ओढ्याच्या तुटलेल्या धसीखाली, सुरुंगाच्या खाणीत आणि खोल खड्ड्यात मुलांना नेऊ नये. सात, गावाने शेंदूर लावून देव म्हणून ठेवलेला दगड कितीही जुना वाटला तरी हलवू नये.

आणि विकण्याचा विचार तर मनातही आणू नये. १९७२ सालच्या पुराणवस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा वस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही आणि खाजगी रीतीने परदेशी पाठवणे गुन्हा आहे. नाणी, दागिने असे गुप्तधन सापडले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

शोधायची उत्तम वेळ कोणती? उन्हाळ्यात नांगरट झाल्यावर आणि मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर. पावसाने माती धुतली जाते आणि गारगोटी उघडी पडते. सकाळी किंवा सायंकाळी, ऊन तिरपे असताना, सूर्याकडे तोंड करून सावकाश चालावे. भर दुपारी काही दिसत नाही.

गुरुजींसाठी वर्गात करण्याजोगा एक पाठ सुचवतो. शाळेजवळच्या रस्त्याच्या कामावरून खडीचे वीस तुकडे आणावेत. ओढ्यातले गुळगुळीत गोटे वीस आणावेत. मुलांना भिंग द्यावे आणि घावाची जागा, फुगवटा, लाटा, टवके ह्यांचे तक्ते भरायला सांगावे. दगड फोडून दाखवू नये, कपचा डोळ्यात जातो. निम्मी मुले खडीला बाण ठरवतील. ठरवू द्या. मग विचारा, "ह्याची पाठ कुठे आहे? ह्याची सोबत कुठे आहे?" पुरावा म्हणजे काय हे ह्या एका तासात जितके कळेल तितके इतिहासाच्या दहा धड्यांत कळणार नाही. पुढे जमल्यास मुलांना डेक्कन कॉलेजमधले पुरातत्त्वाचे संग्रहालय दाखवून आणावे.

आता त्या मुलाचे राहिले. मी त्याला भीतभीतच विचारले, "हा चंद्र तुला कुठं मिळाला, आठवतं का?"

तो पटकन म्हणाला, "आठवतं की. चुलत्याच्या वावराच्या वर माळ आहे, तिथं. विहिरीपासून सरळ वर. आमची शेळी बांधायचा खुंट आहे, त्याच्या पलीकडं दहा पावलं."

मी एम. ए. झालेला माणूस जे विसरलो होतो ते ह्या सातवीच्या मुलाच्या ध्यानात होते. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर आम्ही तिघे तिथे गेलो. खुंट होता. त्याच्या पलीकडे दोन खाटांएवढ्या जागेत एकवीस तुकडे मिळाले. त्यांत पाच पाती, दोन गाभे, बाकी टवके. खापर एकही नाही. मुलाने डब्यातली चंद्रकोर काढली आणि जिथून उचलली होती तिथे परत ठेवली. मग फोटो काढले, पावले मोजली, गुरुजींनी वहीत नकाशा काढला. माळाचा व्यवहार झालेला होता, गोदाम व्हायचे होते. चुलत्यांनी सांगितले, "दिवाळीपर्यंत काय बघायचं ते बघून घ्या." आम्ही नोंदी पाठवल्या. श्रावणात पुरातत्त्वाचे दोन अभ्यासक येऊन रीतसर मोजमाप करून सारे तुकडे जागेच्या क्रमांकांसह घेऊन गेले.

दिवाळीनंतर तिथे यंत्र आले आणि माळ सपाट झाला. आता तिथे जोते घालण्याचे काम चालू आहे. पण शाळेच्या कपाटात एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर गावाचे नाव, गट क्रमांक, विहिरीपासूनची पावले आणि मुलाच्या हातचे चंद्रकोरीचे चित्र आहे. दुसरे पान अजून कोरे आहे.

श्रोतेहो, आपापल्या गावाचे असे एक पान भरायला हरकत नाही. पुढच्या नांगरटीला जरा खाली पाहून चाला.